रोजच्या कामाला बॅटरी, ट्रेलरला डिझेल

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही दोघे भाऊ पंप बसवणं, पाइपलाइन टाकणं आणि किरकोळ वेल्डिंग अशी कामं घेतो. दोन डिझेल पिकअप आहेत. त्यातली जुनी सारखी गॅरेजात असते, ती आता बदलायलाच हवी. धाकट्याने इलेक्ट्रिक पिकअपचा हट्ट धरलाय. मी डिझेलच्या बाजूने. आमचे ड्रायव्हर खूप जुने आहेत, ते म्हणतात, बॅटरीची गाडी माल ओढणार नाही. रोजची धाव शंभर-सव्वाशे किलोमीटर. गाडीत तिघे, हौद्यात हत्यारं, पाइप आणि जनरेटर. महिन्यातून दोन-तीनदा ट्रेलरवर छोटं खोदाई यंत्र चढवून अडीचशे किलोमीटरपर्यंत जावं लागतं. गाड्या भाड्याच्या आवारात उभ्या असतात. जेवायला बसलं की हाच विषय निघतो आणि दोघांचीही तोंडं वाकडी होतात. काय करावं?

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातच दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि वाद होतोय तो ती एकत्र धरल्यामुळे. एक काम रोजचं: ठरावीक अंतर, ठरावीक ओझं, रात्री गाडी आपल्या जागी परत. दुसरं अधूनमधूनचं: मागे ट्रेलर आणि लांबचा रस्ता. पहिलं काम इलेक्ट्रिक पिकअप डिझेलपेक्षा चांगलं करेल. दुसरं आज तरी डिझेलनेच करावं. तुमच्याकडे गाड्या दोन आहेत आणि बदलायची एकच आहे, तेव्हा जुनीच्या जागी इलेक्ट्रिक घ्या आणि दुसरी डिझेल ट्रेलरसाठी राखा. मात्र एक अट आहे. आवाराच्या मालकाने चार्जर बसवायला लेखी परवानगी दिली पाहिजे. ती मिळाली नाही, तर या वेळी डिझेलच घ्या आणि धाकट्या भावाला कारणासकट तसं सांगा.

आधी तुमच्या ड्रायव्हरांच्या शंकेबद्दल. आयुष्य गाडीवर काढलेला माणूस बोलतो तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, म्हणून ती झटकू नका. पण ओढण्याच्या ताकदीत बॅटरीची गाडी कमी नाही. इलेक्ट्रिक मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते. भरलेली गाडी चढावर उभी असताना डिझेलमध्ये क्लच आणि ॲक्सिलरेटरचा जो मेळ घालावा लागतो, तो इथे लागतच नाही. फोर्डच्या एफ-150 लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपचा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) 1,050 न्यूटन-मीटर होता आणि योग्य पॅकेज घेतल्यास ती साडेचार टनांपर्यंतचा ट्रेलर ओढू शकत होती. रिव्हियनची आर1टी आणि टेस्लाची सायबरट्रक यांची मर्यादा पाच टनांच्या जवळ जाते. मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये इसुझूच्या इलेक्ट्रिक डी-मॅक्सची मर्यादा साडेतीन टन आहे, म्हणजे तिच्या डिझेल बहिणीइतकीच. तुमचं यंत्र आणि ट्रेलर मिळून अडीच टनांच्या आत असेल असं धरतो. तेवढं यातली कुठलीही गाडी ओढेल.

प्रश्न आहे तो किती लांबपर्यंत ओढेल याचा, आणि तिथे ड्रायव्हरांच्या शंकेत तथ्य आहे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) ऊर्जा असते. शंभर लिटरची टाकी म्हणजे हजार युनिटांचा साठा. इंजिन त्यातला मोठा भाग उष्णता म्हणून वाया घालवतं, तरी उरतं ते भरपूर असतं. लाइटनिंगची मोठी बॅटरी होती 131 युनिटांची. मोटर त्यातलं फार कमी वाया घालवते, म्हणून एवढ्याशा साठ्यावर गाडी रिकामी असताना अमेरिकी सरकारी चाचणीनुसार 515 किलोमीटर जाते. ट्रेलर लावला की डिझेलचं ॲव्हरेजही पडतं आणि बॅटरीचंही. उंच, चौकोनी ट्रेलर असेल तर दोघांचं जवळपास निम्म्यावर येतं. पण हजार किलोमीटरचे पाचशे झाले तरी डिझेलवाला निवांत असतो. पाचशेचे अडीचशे झाले की बॅटरीवाल्याला पुढचा चार्जर शोधावा लागतो. शिवाय लांबच्या प्रवासात बॅटरी सहसा दहा ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानच वापरली जाते, कारण ऐंशीच्या पुढे फास्ट चार्जिंगचा वेग फार मंदावतो. म्हणजे दोन थांब्यांमध्ये खरे मिळतात पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर. थंडी कडाक्याची असेल तर त्याहूनही कमी.

इथे वजनापेक्षा वारा जास्त खातो हे ध्यानात घ्या. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सपाट रस्त्यावर जड पण बुटका ट्रेलर तुम्हाला वाटतो तेवढा त्रास देणार नाही, हलका पण उंच बंद डब्याचा ट्रेलर मात्र बॅटरी रिकामी करेल. तुमचं यंत्र उघड्या ट्रेलरवर जातं, म्हणजे तुमचा फटका निम्म्यापेक्षा थोडा कमी असेल. आणि लांबच्या फेरीला वेग जरा कमी ठेवला तर डिझेल गाडीतही पैसे वाचतील.

आता चार्जरवरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बहुतेक फास्ट चार्जर मोटारींसाठी आखलेले असतात. गाडीचं तोंड किंवा पाठ भिंतीकडे करून रांगेत लावायची आणि केबल जोडायची. मागे ट्रेलर असेल तर तो मागच्या रस्त्यात आडवा येतो किंवा शेजारच्या दोन जागा अडवतो. मग ट्रेलर सोडायचा. आधी त्याला सपाट जागा शोधा, चाकांखाली ठोकळे लावा, जॅक फिरवून पुढचा पाय टेकवा, दिव्यांची वायर काढा, सुरक्षा साखळ्या काढा, हूक सोडवा आणि मग गाडी चार्जरपाशी न्या. चार्जिंग झालं की हे सगळं उलट्या क्रमाने. त्यातही यंत्र ट्रेलरवर उघड्यावर पडलेलं, म्हणून एक माणूस तिथे राखणीला. सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येतील असे चार्जर आहेत, पण अजून मोजकेच. तिघांच्या टोळीचा अर्धा दिवस यात गेला तर त्या फेरीचा नफा संपला. म्हणूनच ट्रेलर डिझेलकडे ठेवा म्हणतोय.

लाख रुपयांचा प्रश्न मात्र दोघांपैकी कुणीच विचारलेला नाही: हौद्यात किती वजन टाकता येईल? गाडी किती धावते यावर सगळे तासन् तास बोलतात आणि हे मागे राहतं. दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचं भरलेल्या अवस्थेतलं कमाल वजन किंवा वहनक्षमता लिहिलेली असते. कमाल वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं. बॅटरी जड असते आणि ती या हिशेबातलं वजन आधीच खाऊन बसते. जीएमसीच्या हमर ईव्हीचं वजन चार टनांच्या वर जातं आणि त्यात नुसती बॅटरीच तेराशे किलोच्या आसपास आहे. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो ईव्हीत दोनशे युनिटांहून मोठी बॅटरी देतात. धाव सातशे किलोमीटरच्या पुढे जाते, पण गाडी तेवढीच अवजड होते. म्हणून 'मोठ्यातली मोठी बॅटरी घेऊन टाकू' हा विचार कामाच्या गाडीला घातक आहे. रोज सव्वाशे किलोमीटर धावणाऱ्याने पाचशे किलोमीटरची बॅटरी घेतली तर तो रोज काही क्विंटल विनाकारण वाहतो, आणि तेवढा माल घरी ठेवून निघतो.

तुमच्याच कामाचा हिशेब मांडून बघू. समजा पट्टीवर वहनक्षमता 900 किलो लिहिली आहे. तीन माणसं 240 किलो. हत्यारांच्या पेट्या, व्हाइस, पंप 350. पाइप ठेवायचा सांगाडा आणि हूक 60. उरले 250. ट्रेलर लावला तर त्याच्या वजनाचा एक हिस्सा हुकावर येतो. देशोदेशी हे प्रमाण वेगळं धरतात, पण अनेक ठिकाणी दहा टक्के धरायची पद्धत आहे. तेवीसशे किलोच्या ट्रेलरचे झाले 230. गाडी काठोकाठ भरली, आणि पाइप अजून चढवलेच नाहीत. हाच हिशेब तुमच्या आताच्या डिझेलवरही करून पाहा. पुष्कळ लोकांना त्यात कळतं की आपण वर्षानुवर्षं जादा भार घेऊन फिरतोय, आणि ब्रेक, पाटे, टायर त्याची किंमत मोजतायत. जाहिरातीतला वहनक्षमतेचा आकडा सर्वांत हलक्या मॉडेलचा असतो. तुम्ही घेणार त्याच मॉडेलच्या, त्याच बॅटरीच्या गाडीची पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. या एका कामासाठी अर्धा दिवस मोडला तरी चालेल.

या वजाबाकीत एक बेरीजही आहे, ती जनरेटरची. सहा-सात किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर नव्वद-शंभर किलोचा असतो, वर इंधनाचे कॅन. बऱ्याच इलेक्ट्रिक पिकअपमध्ये हौद्यातच वीज बाहेर काढायचे सॉकेट असतात. लाइटनिंगमध्ये 9.6 किलोवॉटपर्यंत वीज मिळायची. एवढ्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि पंपाची चाचणी हे सगळं आरामात होतं. एक किलोवॉटचा ग्राइंडर तासभर सलग फिरला तर एक युनिट जातं, म्हणजे गाडीचे तीन-चार किलोमीटर. दिवसभरातलं वेल्डिंग मिळून आठ-दहा युनिट खाईल, म्हणजे तीसेक किलोमीटर. सव्वाशे किलोमीटर धावून हे सहज भागतं. पण ही सोय प्रत्येक मॉडेलला नसते आणि काहींत फार कमी क्षमतेची असते. तुमचं वेल्डिंग मशीन जास्तीत जास्त किती वीज ओढतं ते त्याच्या पाटीवर बघा, गाडीच्या सॉकेटची क्षमता विचारा, आणि जमलं तर मशीन सोबत नेऊन जोडूनच पाहा.

जनरेटर गेला की त्याचा धूर आणि आवाजही गेला. याबद्दल मला मनापासून बोलायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तुमचा मदतनीस सकाळी आवारात गाडी भरतो तेव्हा इंजिन चालू असतं, आणि तो उभा असतो सायलेन्सरच्या नेमका मागे. साइटवर कुणाच्या घरालगत किंवा अर्धवट बंद शेडमध्ये काम असेल तर जनरेटरचा धूर तिथेच घुटमळतो. याचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही, आणि तो बिचारा कधी तक्रारही करणार नाही. मालक म्हणून हा विचार तुम्ही दोघांनी करायचा. बाकी सगळे आकडे बरोबरीत सुटले असते तरी केवळ यासाठी मी रोजच्या गाडीला बॅटरीची शिफारस केली असती.

आता चार्जिंगचं. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून धंदा करू नका, तिथे वीज महाग पडते आणि वेळ जातो तो वेगळाच. गाडी रात्री झोपते तिथेच ती भरली पाहिजे. साध्या दोन किलोवॉटच्या सॉकेटवर दहा तासांत वीस युनिट मिळतील, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. तुम्हाला ते पुरणार नाही. सात किलोवॉटचा चार्जर नऊ तासांत साठच्या वर युनिट देतो, म्हणजे दोनशे किलोमीटर. तुमच्यासाठी तो पुरेसा आहे, त्याहून मोठा बसवायच्या फंदात पडू नका. मालकाकडे जाताना सोबत इलेक्ट्रिशियन न्या. आवाराचा मंजूर भार किती, नवी केबल कुठून येईल, मीटर वेगळा घेता येईल का, आणि आवार सोडताना चार्जर कुणाचा, या चार गोष्टी कागदावर आणा. भाडेकरार वर्षा-दोन वर्षांत संपणार असेल तर आधी तो वाढवून घ्या, मगच गाडी बुक करा.

खर्चाचा हिशेब तुम्ही स्वतःच करा, कारण डिझेल आणि विजेचे दर जागोजागी वेगळे. पूर्ण आकाराची इलेक्ट्रिक पिकअप शंभर किलोमीटरला मीटरवरची सुमारे तीस युनिट घेते. बॅटरीतून पंचवीस-सव्वीसच जातात, बाकीची चार्जिंग करताना गळतात, आणि बिल मीटरचं येतं, म्हणून तीसच धरा. डिझेल गाडीचं खरं ॲव्हरेज, म्हणजे पंपावरच्या पावत्या आणि किलोमीटर काट्यावरून काढलेलं, त्याच्या शेजारी मांडा. तेल, फिल्टर, क्लच, धुराच्या फिल्टरची सफाई हे खर्च बॅटरीच्या गाडीत नाहीत. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण उतारावर आणि वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते. थोडं थोडं अंतर जाऊन सारखं थांबणं डिझेल गाडीला मानवत नाही. तिचा धुराचा फिल्टर नीट तापत नाही आणि काजळीने तुंबतो. तुमची जुनी गाडी सारखी गॅरेजात का असते, त्याचं एक कारण हे असू शकतं, मेकॅनिकला विचारून बघा. उलट बाजूला टायरचा खर्च वाढतो, गाडी जड आणि जोर जास्त. विमा आणि सुरुवातीची किंमतही बहुधा जास्तच असेल. त्यामुळे गाडी रोज धावली तरच फरक भरून निघतो. आठवड्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीला बॅटरी घेऊन पैसे वसूल होणार नाहीत.

बॅटरीच्या आयुष्याची धास्ती फार घेऊ नका. बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर, सत्तर टक्के क्षमतेची हमी देतात. व्यावसायिक वापराला ती लागू आहे का आणि हौद्यातून वीज काढल्याने ती मोडते का, हे लेखी विचारा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

बाजाराकडे पाहिलं तर सावध राहायला कारण आहे. फोर्डने डिसेंबर 2025 मध्ये लाइटनिंगचं आताच्या रूपातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी रॅम या दुसऱ्या अमेरिकी पिकअप कंपनीने आपल्या पूर्ण आकाराच्या पूर्ण-इलेक्ट्रिक पिकअपचा बेत सोडून दिला. दोघांचाही ओढा आता अशा गाडीकडे आहे जिची चाकं मोटरच फिरवते, पण बॅटरी भरायला गाडीतच छोटं इंजिन असतं. लांब पल्ला आणि ट्रेलर यांच्यासाठी ही रचना मला पटते. तुमची दुसरी डिझेल बदलायची वेळ येईल तेव्हा तिचा जरूर विचार करा. तिच्यासाठी आज थांबू मात्र नका, कारण जुनी गाडी रोज तुमचं काम अडवतेय. हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की जे मॉडेल घ्याल त्याचे सुटे भाग आणि सर्व्हिस पुढची आठ-दहा वर्षं मिळतील याची खात्री करा. बंद झालेलं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका.

राहिला घरातला वाद. धाकट्या भावाचा उत्साह आणि तुमची सावधगिरी, धंद्याला दोन्ही लागतात. जेवताना हा विषय बंद करा आणि दोघांनी मिळून दोन आठवडे एक वही भरा: रोज किती किलोमीटर, हौद्यात काय काय, जनरेटर किती तास, ट्रेलर कधी. वही ड्रायव्हरांच्या हातात द्या, तेच ती सर्वांत नीट भरतील. मग चाचणीसाठी गाडी मागा, ती रिकामी फिरवू नका. तुमच्या पेट्या, तुमचे पाइप, तिघे माणसं घेऊन नेहमीच्या साइटवर जा, आणि स्टिअरिंगवर ड्रायव्हरांनाच बसवा. रोज गाडी तेच चालवणार आहेत. खाली बॅटरी असल्याने खडकाळ वाटेवर गाडी कुठे घासते, वळताना वजन कसं जाणवतं, मागचं दिसतं का, हे त्यांना आपल्या दोघांपेक्षा आधी कळेल. संध्याकाळी किती टक्के बॅटरी उरली ते वहीत लिहा. चाळीसच्या वर उरली तर बिनधास्त घ्या. वीसच्या खाली गेली तर एक पायरी मोठी बॅटरी बघा, आणि वजनाची पट्टी पुन्हा वाचा.

जुनी डिझेल लगेच विकू नका. नवी गाडी तुमच्या सर्वांत कामाच्या हंगामातून एकदा पार पडू द्या, मग गिऱ्हाईक बघा.